पोत्याचं तोंड, पोत्याचं बूड

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पाण्याची बाटली घरीच राहिली! पहिला दिवस, समोर अकरा जण, तोंडाला कोरड — आणि बाटली ओट्यावर.

कॉम्प्युटर सेंटर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. बारा कॉम्प्युटर, त्यातला एक बंद. सकाळी आठ ते दहा, पायथनची नवशिक्यांची बॅच. शिकवणार मी. मी! बीसीए होऊन आठ महिने झाले. बेळगावला खासबागेत मावशीकडे राहून शिकले, आणि आता निपाणीत, माझ्याच गावात, फळ्यासमोर.

सेंटर विक्रम सरांचं. मूळचे खानापूरकडचे, घरी शेती. आता अनगोळला राहतात, बेळगावचं मोठं सेंटर बघतात आणि इकडं आठवड्यातून एकदा-दोनदा येतात. म्हणाले, "पंचवीस तारखेपर्यंत बघू. मग सांगतो." आणि चपला घालता घालता — "बेळगावची एक इंजिनिअर मुलगी पण विचारून गेलीय." हे मला कशाला सांगितलं? सहज, की मुद्दाम? दिवसभर तेच डोक्यात.

चुका: फळ्यावर एकच ओळ तीनदा पुसली. हजेरी घ्यायची राहिली. मागच्या बाकावरच्या मुलाला 'अहो' म्हटलं. ओमकार त्याचं नाव. म्हणाला, "अहो काय मॅडम, मी धाकटा हाय तुमच्यापेक्षा!" सगळे हसले. मीही हसले — उशिरा.

मंगळवार, ७ जानेवारी

बाटली नेली. पाणी प्यायचं विसरले.

गुरुवार, ९ जानेवारी

आज क्लास आणि ऑब्जेक्ट. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली एकेक वस्तू. पुस्तकात गाडीचं उदाहरण आहे. लाल गाडी, निळी गाडी. मी म्हटलं, आपण पोतं घेऊ. तंबाखूचं पोतं. निपाणीत ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. क्लासचं नाव Pote. प्रत्येक पोत्याला तीन गोष्टी — गाव, वजन, प्रत. एक पोतं तयार केलं: अक्कोळचं, चाळीस किलो, पहिली प्रत. इथपर्यंत सगळं छान.

मग म्हटलं, आता ते प्रिंट करा. अकरा स्क्रीनवर हे आलं:

<__main__.Pote object at 0x0000021F5C3A7D90>

ओमकार ओरडला, "मॅडम, ह्यात तंबाकू कुठाय?"

हशा. मी सांगितलं की पायथन खोटं बोलत नाहीये. त्याला दोनच गोष्टी ठाऊक आहेत — ही वस्तू कुठल्या क्लासची आणि मेमरीत कुठल्या पत्त्यावर राहते. गाव, वजन, प्रत सगळं तिच्या आत आहे. पण विचारल्यावर काय सांगायचं, हे आपण अजून तिला शिकवलेलं नाही. ते शनिवारी.

घरी येताना एक जुनी गोष्ट आठवली. मी चार-पाच वर्षांची असेन. शाळेत नाव घालायला गेलो, तिथं एका मुलीच्या आईनं मला दोनच प्रश्न विचारले. कुणातली गं तू? आणि कुठल्या गल्लीतली? मी गल्लीचं नाव सांगितलं. तिनं मुलीला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं. झालं. तेवढ्यात तिला माझ्याबद्दल सगळं कळलं होतं!

आज्जा माझं बोट धरून उभा होता. रस्त्यात मला म्हणाला, "परत कुणी इचारलं की तू कोण, तर काय येतंय तुला ते सांगायचं. म्हणायचं, मी रचना, मला वाचाया येतंय."

आणि मला खरंच येत होतं. शाळेत जायच्या आधीच.

शुक्रवार, १० जानेवारी

ते वाचणं कसं आलं, तेही लिहून ठेवते. काल अर्धवट सोडलं.

आज्जा — आईचे वडील, आण्णाप्पा — तंबाखूच्या वखारीत पेंटर होता. पोत्यांवर अक्षरं काढायचा. काढायचा म्हणजे पत्र्याच्या ताटल्या असायच्या, त्यात अक्षर कापलेलं. ताटली पोत्यावर धरायची आणि काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. ताटली उचलली की अक्षर पोत्यावर! वखार बंद झाली तेव्हा आठ ताटल्या त्यानं घरी आणल्या. अजून आहेत, खिडकीखाली, गंजलेल्या.

मी तीन वर्षांची असल्यापासून तो संध्याकाळी कामावरून येऊन मला अक्षर शिकवायचा. रोज एक. फक्त एक! अंगणात पाणी शिंपडून ओल्या मातीत बोटानं. मी म्हणायचे, आज्जा, आणखी एक दे की. तो म्हणायचा, "आज एवढंच. उद्या सांगतो." कितीही रडले तरी दुसरं नाही. फार शिस्तीचा.

क्रमसुद्धा त्याचा स्वतःचाच. शाळेत गेले तेव्हा बाईंना नवल वाटलं — हिची अक्षरं 'ठ'पासून सुरू, मग 'क्ष', आणि 'अ' सगळ्यात शेवटी!

पण सहा महिन्यांत मी वर्गाला वाचून दाखवत होते. त्या पलीकडं नेलेल्या मुलीलासुद्धा.

शनिवार, ११ जानेवारी

आजचा दिवस विसरणार नाही.

फळ्यावर लिहिलं: __str__. सांगितलं की हे क्लासच्या आत लिहायचं. प्रिंटनं विचारलं 'तू कोण?' की पायथन इथं येऊन उत्तर घेऊन जातो. सगळ्यांनी टाइप केलं. चालवलं. नऊ जणांच्या स्क्रीनवर पुन्हा तोच पत्ता! चूक दाखवणारी लाल ओळही नाही. माझंच चुकलं की काय? घरी दोनदा करून बघितलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. तेजस्वी. आठवडाभरात ती एक शब्द बोलली नव्हती. पहाटे उठून आईबरोबर बिड्या वळते आणि तशीच येते, बोटांना तंबाखूचा वास असतो. हळूच म्हणाली, "मॅडम, एक न्हाय ते. दोन बिड्या हिकडं, दोन बिड्या तिकडं."

बघितलं तर खरंच! फळ्यावर माझ्या दोन खालच्या रेघा जोडून एक लांब रेघ झाली होती. त्या नऊ जणांनी दोन्ही बाजूंना एक-एकच दिली होती. पायथनला ते दुसरंच कुठलं तरी नाव वाटलं, त्यानं ते मुकाट्यानं ठेवून घेतलं आणि वापरलंच नाही.

ओमकार म्हणाला, "मला वाटलं सिगारेट हाय!"

सगळं सेंटर हसलं. तेजस्वीसुद्धा — आधी तोंडावर हात, मग हात काढून.

सेंटरमध्ये बिड्या म्हणावं का? विक्रम सरांना कळलं तर? मग आठवलं, माझ्या आईनं एकोणीस वर्षं बिड्या वळल्या, त्यातूनच माझी पुस्तकं आली. मोठ्यानं म्हटलं, "बरोबर. दोन बिड्या इकडं, दोन तिकडं. सिगारेट चालणार नाही." आणि रेघांमध्ये फट ठेवून पुन्हा लिहिलं.

अकराच्या अकरा स्क्रीनवर आलं — अक्कोळचं पोतं, चाळीस किलो, पहिली प्रत.

कुणीतरी टाळी वाजवली! पत्ता गेला आणि पोतं बोललं.

सोमवार, १३ जानेवारी

ओमकारनं आज स्वतःचा मोबाइल क्लास म्हणून लिहिला. चालवल्यावर मोबाइलचं नाव आलं आणि खाली लाल अक्षरांत चूक. म्हणाला, "बोलतंय बी आणि भांडतंय बी!"

कारण त्यानं __str__ च्या आत print लिहिलं होतं, return नाही. सांगितलं, वस्तूनं स्वतः ओरडायचं नसतं. उत्तर चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचं. ते मोठ्यानं वाचायचं काम बाहेरच्या प्रिंटचं. तू ओरडलास, पण हात रिकामाच पुढं केलास. पायथन म्हणतो, चिठ्ठी कुठाय?

"म्हंजे टपालवाल्यावानी. आपण फक्त पाकीट द्याचं," ओमकार.

हे मला सुचायला हवं होतं. उद्यापासून वापरणार.

चुका: एकही आठवत नाही. म्हणजे एखादी मोठी असणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. आज्जानं तीळगूळ देताना विचारलं, "मास्तरीण, काय शिकवलंस?" 'मास्तरीण' म्हणाला! शेजारच्या दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गुरुवार, १६ जानेवारी

सगळं गेलं.

विक्रम सर आले होते. मागं खुर्ची ओढून बसले, वही घेऊन. मी म्हटलं, आज एका पोत्याऐवजी पाच पोती. पाचही लिस्टमध्ये ठेवली. प्रत्येकाला गाव आहे, वजन आहे, शनिवारचं __str__ आहे. एकेक प्रिंट केलं, सुंदर आलं. मग मी ऐटीत म्हटलं, "आता पूर्ण लिस्ट एकदम प्रिंट करा."

पाच पत्ते! चौकोनी कंसात एकापुढं एक, ० आणि x आणि सगळे आकडे. जसं काही आम्ही आठवडाभर काहीच केलं नाही.

"बिड्या चारच हाईत मॅडम, मोजल्या मी," तेजस्वी.

"मग एकेकटं बोलतंय आणि गटात गेलं की मुकं का हुतंय?" ओमकार. चिडवत नव्हता. खरंच विचारत होता.

मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं! घरी मी एकेक पोतंच प्रिंट केलं होतं, लिस्ट कधीच नाही. सर बघत होते. काहीही सांगता आलं असतं — हे पुढच्या धड्यात येईल, हे तुम्हाला आता नको. तोंडावर आलंही होतं. पण मग तेजस्वीनं वहीत तेच लिहून घेतलं असतं. ती प्रत्येक शब्द लिहून घेते.

म्हटलं, "मला माहीत नाही. उद्या सांगते."

सर जिन्यात थांबले होते. आवाज चढवला नाही. "असं मुलांपुढं म्हणायचं नसतं. ती फी भरतात. काहीतरी सांगून पुढं जायचं. बेळगावला असं चालत नाही."

मी मान डोलावली. कशाला डोलावली?

त्याच दिवशी, संध्याकाळी

कारण सापडलं. तासाभरात. पायथनच्या वस्तूला दोन उत्तरं असतात. प्रिंट थेट विचारतो तेव्हा __str__. लिस्टमध्ये ठेवलेल्या वस्तूंना मात्र लिस्ट दुसरं उत्तर मागते — __repr__. ते आम्ही लिहिलंच नव्हतं. म्हणून पत्ता.

पण हे सांगायचं कसं? दोन उत्तरं का? एकानं भागत नाही का? ओमकार पहिला हेच विचारणार. पुस्तकात लिहिलंय, एक वापरणाऱ्यासाठी आणि एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी. हे मी वाचून दाखवेन, ते मान हलवतील, आणि कुणालाच काही कळणार नाही. मलाही फारसं कळलेलं नाही!

चटईवर वही टाकून बसले होते. आज्जा पेपर वाचत होता — बोट ठेवून, एकेक शब्द पुटपुटत, वाचायचा तसाच. म्हणाला, "का गं, त्वांड का उतरलंय?"

सांगितलं. सगळं नाही कळणार म्हणून पोत्यावरच सांगितलं. एक पोतं समोर असलं तर नाव नीट सांगतंय. पाच एकत्र ठेवली की सांगत नाही.

तो लगेच म्हणाला — लगेच! — "मग बुडावर खूण काढली न्हाय तुमी."

"बुडावर?"

"अगं थप्पी लावली की पोत्याचं त्वांड दिसतंय व्हय? एकावर एक, एकाला लागून एक. बूड तेवढं बाहेर ऱ्हातंय. त्वांडावर मालकाचं नाव, छाप, सगळं झ्याक काढल्यालं — ते एकटं पोतं दारात आणून ठेवलं तर बघायला. थप्पीत त्येचा काय उपेग? म्हणून बुडावर येगळी खूण. गावाचं अक्षर, आकडा. दिसायला वंगाळ, पण हुडकायला तीच. मी दोन्हीकडं काढायचो. तोंडाला येगळी ताटली, बुडाला येगळी."

मी वहीत एक पोतं काढलं — तोंड आणि बूड, दोन्ही.

मग एक अवघड प्रश्न विचारला. "आणि आज्जा, घाईत एकच खूण काढायला वेळ असला तर?"

"तर बुडाची. त्वांड कोरं असलं तरी पोतं उलटं करून बूड बघता येतंय. पर थप्पीत गेल्यालं त्वांड कसं बघशील?"

कॉम्प्युटर उघडून तपासलं. __repr__ एकटंच लिहिलं तर साध्या प्रिंटलाही पायथन तेच वापरतो. __str__ एकटं लिहिलं तर लिस्टमध्ये चालत नाही. तंतोतंत! वखारीत जे पोत्याच्या बुडावर होतं, तेच!

आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, "मला काय कळत न्हाय, पर तुझा आज्जा बघ कसा बसलाय." तो ताठ बसला होता, पेपर मांडीवर.

शुक्रवार, १७ जानेवारी

जमलं! जमलं!

आज्जाच्या दोन ताटल्या पिशवीत घालून नेल्या. सेंटरच्या माळ्यावर कीबोर्डचे रिकामे खोके होते, लांबट. ते पोती म्हणून घेतले. रुंद बाजूला गाव, वजन, प्रत मोठ्या अक्षरांत लिहिली. एकेक हातात धरून विचारलं, "हे काय?" सगळे वाचायचे. मग पाचही टेबलावर एकावर एक ठेवले आणि त्यांना समोर उभं केलं. "आता वाचा."

दिसतच नव्हतं. फक्त अरुंद टोकं.

ओमकार मान वाकडी करून बघायला लागला. मग थांबला. "आयला... टोकाला लिवायला पायजे हुतं."

"त्यालाच __repr__ म्हणतात," मी म्हटलं.

अकरा जणांच्या तोंडून "आऽ" असा आवाज निघाला, तो मी जन्मभर ऐकत राहीन.

मग ताटल्या दाखवल्या. सांगितलं, हे माझ्या आज्जाचं काम. वखारीत पोत्यांवर दोन खुणा काढायचा. आतापर्यंत हे मी कुठं सांगितलं नव्हतं — बीसीएला चार मैत्रिणी होत्या, त्यांनाही नाही. आज फळ्यासमोर उभं राहून सांगितलं. एका मुलानं ताटली हातात घेऊन कन्नडमध्ये शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. त्याचाही आज्जा हमाल होता म्हणे, त्याच वखारीत.

__repr__ मध्ये Pote('अक्कोळ', 40, 1) असं लिहायला सांगितलं. दिसायला वंगाळ, पण ते वाचून कुणालाही तेच पोतं पुन्हा तयार करता येईल.

लिस्ट प्रिंट केली. पाचही ओळखू आली.

चुका: आनंदात हजेरी राहिली.

मंगळवार, २१ जानेवारी

ज्याला जे हवं त्याचा क्लास लिहा, असं सांगितलं होतं. क्रिकेटर, मोबाइल, म्हशी. तेजस्वीनं माणूस घेतला. तिची आई.

कॉम्प्युटरसमोर नुसती बसून होती. म्हणाली, "मॅडम, आईचं काय लिहू? बिडी कामगार लिहू?"

मी म्हटलं, ते कॉम्प्युटर ठरवत नाही. विचारल्यावर काय सांगायचं ते तू ठरवायचं.

तास संपता संपता तिच्या स्क्रीनवर आलं — शांता, एका तासात शंभर बिड्या, न बघता.

तिनं ते पुन्हा पुन्हा चालवलं. सात वेळा — मी मोजलं.

बुधवार, २२ जानेवारी

सरांचा फोन. "उद्या बेळगावचा पेपर तुमच्या बॅचला देणार. तोच, तिकडच्या मुलांना दिलेला." फोन ठेवला. पेपर आधी दाखवतो म्हणाले नाहीत.

गुरुवार, २३ जानेवारी

पेपर झाला. मला बाहेर बसवलं होतं. बाहेर येऊन तेजस्वी हसली, ओमकार म्हणाला, "चित्र काढून आलोय." चित्र?? विचारायचा धीर झाला नाही.

शनिवार, २५ जानेवारी

मला ठेवलं!

घाईत लिहीत नाही, सगळं नीट लिहिते.

सरांनी बोलावलं. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. एक कागद माझ्याकडं फिरवला. प्रश्न होता: 'एकटं ऑब्जेक्ट नीट प्रिंट होतं, पण लिस्टमध्ये पत्ता येतो. का?' खाली ओमकारनं पोत्यांची थप्पी काढली होती. एका टोकाला बाण, आणि लिहिलं होतं, 'बूड कोरं हाय.'

सर म्हणाले, "हे काय प्रकरण आहे? अकराच्या अकरा जणांनी पोती, थप्पी, बूड लिहिलंय. बेळगावच्या चोवीस मुलांत हा प्रश्न तिघांना आला. आणि उत्तर सगळ्यांचं बरोबर आहे! एकीनं तर लिहिलंय, 'एकच लिहायला वेळ असला तर बुडाचं लिहावं.' हे आमच्या नोट्समध्येही नाही."

मी आज्जाचं सांगितलं. त्यांनी ओमकारचा कागद गठ्ठ्याच्या वर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी 'उद्या सांगते' म्हणालात म्हणून मी रागावलो. उद्या सांगतो म्हणणारे पुष्कळ बघितलेत. दुसऱ्या दिवशी येऊन सांगणारं कुणी बघितलं नव्हतं."

सोमवारपासून दोन बॅच. सकाळची आणि दुपारची. बेळगावच्या त्या मुलीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

घरी येऊन आज्जाच्या पाया पडायला गेले तर तो मागं सरकला. "आपल्यात पाया पडत न्हाईत. हात दे." हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मग दारात जाऊन उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला — भाजीवाल्यालासुद्धा! — सांगत होता, "नात मास्तरीण झाली. व्हय व्हय, पक्की. दोन वर्ग."

त्याला खूश करावं म्हणून माणसाचा क्लास लिहिला आणि त्यात त्याला घातलं. __str__ मध्ये लिहिलं: आण्णाप्पा, रचनाचे पहिले शिक्षक. प्रिंट करून दाखवलं. तो बोट ठेवून सावकाश वाचत गेला. शेवटच्या शब्दावर थांबला.

"पुस ते. म्या कुठला शिक्षक! खोटं कशाला लिवतीस?"

"मग काय लिहू?"

"पेंटर लिव. वखारीतला पेंटर."

फार नम्र आहे. पेंटर लिहिलं.

रविवार, २६ जानेवारी

विहारासमोर झेंडावंदन. तिथं मष्णूमामा भेटले — वखारीत आज्जाचे जोडीदार, पोती उचलायचे. मी म्हटलं, आज्जानं मला घरी वाचायला शिकवलं म्हणून आज मी शिकवते. ते हसायला लागले. "त्यानं? अगं, आमी दोघं बी आंगठेबहाद्दर! ताटली वळकायची, रंग फासायचा. अक्षर कुणाला येतंय? तू तीन वर्साची झालीस आन हा रोज दुपारच्या सुट्टीत चहा सोडून मुनिमाच्या मागं — आजचं अक्षर सांगा. एकच घ्यायचा. म्हणायचा, दोन घेतली तर घरी जाईस्तोवर एक वाटंत सांडतंय."

घरी आले. आज्जा जेवत होता. विचारलं. त्यानं घास खाली ठेवला नाही, वर बघितलंही नाही. म्हणाला, "मग? एक तरी दिस चुकलो का? उद्या सांगतो म्हटलं की सांगितलं न्हवं?"

त्याला न विचारता __str__ मधली ती ओळ पुन्हा बदलली — 'पेंटर'च्या जागी 'पहिले शिक्षक'.

चुका: एक, वीस वर्षांची. मला वाटायचं, तो माझ्या खूप पुढं होता. तो फक्त एका दुपारनं पुढं होता.